इच्छापोरच्या वाटेवरील थरथर

खानदेशातून पश्चिमेकडे निघालेला हमरस्ता कोठे संपतो, असे वर्गात विचारले तर मुले सुरतेचे नाव सांगतात. उत्तर जवळपास बरोबर आहे, पूर्ण बरोबर नाही. ज्यास पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत आणि आता ज्याचा क्रमांक ५३ आहे, तो रस्ता ओडिशातील पाराद्वीप बंदरापासून निघतो. रायपूर, नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव, धुळे असा आपला मुलूख तुडवीत तो नवापूरपाशी गुजरातेत शिरतो. पुढे सोनगड लागते. गायकवाडांची पहिली राजधानी ती. आम्हां बडोदेकरांचा जीव तेथे क्षणभर घुटमळल्याशिवाय राहत नाही. मग व्यारा मागे पडते, सुरत येते, आणि सुरतेलाही मागे टाकून हा रस्ता समुद्रकाठच्या हजिऱ्यास जाऊन थांबतो. तापीची गोष्ट अशीच. मुलताईस उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत आलेली ही नदी भुसावळ, प्रकाशे, उकाई करीत येथेच सागराला मिळते. नदी आणि रस्ता, दोन्ही खानदेशची सोबत घेऊन एकाच दिशेला येतात, हा योग आम्हांस नेहमी मोठा गोड वाटतो.

या वाटेवर, हजिऱ्याच्या अलीकडे, तापीच्या उजव्या तीराकडील प्रदेशात चोर्यासी तालुक्यातील इच्छापोर हे गाव आहे. मराठी कानाला 'पोर' हा शब्द ऐकताच एखादे हट्टी मूल डोळ्यांपुढे येते. परंतु हे पोर म्हणजे आपले 'पूर'च. सुरतेच्या बाजूस अशी पोरे पुष्कळ. डुमसजवळचे भीमपोर हे त्याचेच भावंड. एके काळी शेती आणि गुरेढोरे यांचे असलेले हे गाव आज वाढत्या सुरतेच्या अगदी उंबऱ्यावर आले आहे. येथे औद्योगिक वसाहत आहे, हिऱ्या-दागिन्यांच्या धंद्यासाठी वसविलेला मोठा परिसर आहे, आणि कवास, मोरा, हजिरा येथील कारखान्यांकडे जाणारी अवजड वाहने रात्रंदिवस येथून धावत असतात. टँकर, लांबलचक ट्रेलर, पोलादाची गुंडाळी लादलेले ट्रक. आणि त्यांच्या कडेकडेने, जीव मुठीत धरून, कामावर निघालेल्या माणसांच्या शेकडो मोटारसायकली.

अशा रस्त्याच्या कडेला टायरची दुकाने असावयाचीच. जुन्या टायरांची उतरंड, हवेचा पंप, पाण्याने भरलेले पंक्चर शोधण्याचे घमेले, आणि टायरावरच चुन्याने रंगविलेली पाटी, एवढा त्यांचा संसार. प्रवासी अशा दुकानापुढून शंभर वेळा जातो आणि एकदाही पाहत नाही. आम्हांस तेथे अर्धा दिवस बसण्याचा योग आला, आणि त्या अर्ध्या दिवसात जे पाहिले ते आपल्या मासिकाच्या घरोघरच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण आज दुचाकी नाही असे मराठी घर बडोद्यास काय, इंदुरास काय आणि हैदराबादेस काय, शोधूनही सापडणे कठीण.

आमचा भाचा हजिऱ्याकडील एका कारखान्यात नोकरीस असून इच्छापोरला बिऱ्हाड करून राहतो. सुटीत आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. सुरत स्टेशनावर तो मोटारसायकल घेऊन आला, आणि सरदार पुलावरून तापी ओलांडून अडाजण, पाल असे करीत आम्ही निघालो. गावातील गर्दीत काही जाणवले नाही. रस्ता मोकळा झाला, वेग पन्नासाच्या पुढे गेला, तशी गाडी अंगात आल्यासारखी हलू लागली. भाच्याचे दोन्ही हात हँडलवर थरथरताना आम्हांस मागून दिसत होते.

"अरे, हे काय?" आम्ही विचारले.

"सवय झाली आहे, मामा," तो म्हणाला. "दोन महिने असेच चालले आहे. सत्तरच्या वर नेत नाही."

घरी या विषयावर बोलणे काढले, तेव्हा कळले की गाडीच्या दुखण्याची चिकित्सा बऱ्याच वैद्यांकडून होऊन चुकली होती. कोणी इंजिनाचा दोष सांगितला, कोणी शॉकअपचा. शहरातील एका दुकानात पुढच्या चाकाला शिशाचे चार तुकडे चिकटवून दिले होते. त्याने आठवडाभर बरे वाटले आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेजाऱ्यांचा सल्ला सर्वांत सोपा होता: गाडी विकून टाका. भाचेसून मात्र गप्प होती. शेवटी ती म्हणाली, "मामा, रोज सकाळी ह्याच गाडीवरून मुलगी शाळेत जाते. ही दोघे परत येईपर्यंत माझे लक्ष घड्याळाकडे असते." हे ऐकल्यावर हा प्रश्न यंत्राचा राहिला नाही, घराचा झाला.

गाडी 'हलते' असे सर्वजण म्हणत होते. परंतु कशी हलते, हे कोणीच सांगत नव्हते. आमचा जन्म भाषा शिकविण्यात गेला, म्हणून असेल, पण आम्हांस प्रथम हीच अडचण दिसली. आपली भाषा या बाबतीत किती श्रीमंत आहे पाहा. थरथर वेगळी, झिणझिण वेगळी, धडधड वेगळी, हेलकावा वेगळा, हिसका वेगळा. इंग्रजीत जेथे एका 'व्हायब्रेशन'वर भागवून नेतात, तेथे आपल्या आजीपाशी पाच शब्द होते. आणि गंमत अशी की, या पाच शब्दांमागे मोटारसायकलीचे पाच निरनिराळे रोग आहेत.

येथे कलाभवनाची आठवण होते. १८९० साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यात ती संस्था काढली. तिचे धुरीण त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे याच सुरतेचे. कारागिराला शिक्षण द्यावयाचे तर ते त्याच्या मातृभाषेतून द्यावे, हा त्यांचा आग्रह. हातात हत्यार धरणारा मनुष्य ज्या भाषेत विचार करतो, त्या भाषेत त्याला यंत्र समजले पाहिजे. गज्जरांचा हा विचार जुना झालेला नाही.

तर आता ते पाच शब्द.

झिणझिण म्हणजे बारीक, जलद कंप. हात बधिर होतो, तळव्याला मुंग्या येतात, आरशातील चित्र पुसट होते. हा कंप बहुधा इंजिनाचा. शंभर सीसीचे इंजिन धावताना मिनिटाला चार-पाच हजार फेरे करते, म्हणजे सेकंदाला सत्तर-ऐंशी. इतक्या जलद गोष्टीचा हाताला वेगळा वेगळा ठोका कळत नाही, एकच गुणगुण कळते. एकाच सिलिंडरच्या इंजिनात ती थोडीफार असतेच. एकाएकी वाढली तर इंजिन धरून ठेवणारे बोल्ट सैल झाले आहेत काय, ते पाहावे.

थरथर ही त्याहून संथ व मोठी. येथे ठोके जवळजवळ मोजता येतात. ही चाकाची खूण. मोटारसायकलचे सामान्य चाक एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर अंतर तोडते, म्हणजे ६० किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण नऊ फेरे. थरथर हँडलमध्ये जाणवली तर पुढच्या चाकाकडे पाहावे. बैठकीत आणि पायांखाली जाणवली तर मागच्या.

हेलकावा म्हणजे गाडीने डावी-उजवीकडे झुलणे. मागचा टायर कमी हवेचा असणे, मागच्या चाकाला धरणाऱ्या दांड्याचे बुश झिजणे, अथवा पाठीमागे अवजड ओझे बांधणे, ही त्याची कारणे. धडधड ही साखळीची: ती सैल झाली, किंवा तिच्या काही कड्या गंजून आखडल्या, म्हणजे पायांच्या दांडीवर ठोके बसतात. आणि हिसका हा ब्रेकचा. ब्रेक दाबताच धक्के येतात व सोडताच थांबतात, असे झाले तर ब्रेकची डिस्क वाकडी किंवा ड्रम वाटोळेपणा सोडून गेला आहे असे समजावे. ब्रेक लावताना हँडलच्या मानेतून 'टक्' असा आवाज आला, तर तेथील बेअरिंग सैल आहे. कारागीर त्याला 'कोनसेट' म्हणतात.

ही विभागणी मनात धरून आम्ही दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहाटे गाडी काढली. डोक्यावर शिरस्त्राण, रस्ता सरळ आणि मागे-पुढे कोणी नाही, एवढे पाहूनच हे प्रयोग करावेत. हात सोडून 'गाडी कशी पळते पाहू' हा तरुणांचा आवडता प्रयोग मात्र मुळीच करू नये. थरथरणारे हँडल मोकळे सोडणे म्हणजे बिथरलेल्या बैलाची वेसण सोडणे होय.

पहिला प्रयोग गिअरचा. ५० च्या वेगाने वरच्या गिअरमध्ये गेलो, मग तोच वेग ठेवून एक गिअर खाली घेतला. इंजिनाचे फेरे वाढले, आवाज चढला, पण थरथर जशीच्या तशी राहिली. दुसरा प्रयोग क्लचचा. ६० ला पोचल्यावर क्लच दाबला आणि मूठ सोडून दिली. इंजिन मंदावले, गाडी आपल्या ओघात चालली, थरथर कायम. दोष इंजिनात असता तर ती तत्क्षणी शमावयास हवी होती. इंजिन निर्दोष सुटले. तिसरा प्रयोग ब्रेकचा. हलकेच ब्रेक लावला. थरथर वाढलीही नाही व बदललीही नाही, मानेत 'टक्' झाले नाही. ब्रेक आणि कोनसेटही सुटले. थरथर ४५ ला सुरू होई, ५५ ते ६५ च्या दरम्यान शिगेला पोचे, आणि ती सारी हँडलमध्ये होती. म्हणजे आरोपी एकच उरला: पुढचे चाक.

त्या पुढच्या चाकाला घेऊनच आम्ही मामा-भाचे रस्त्याकडेच्या दुकानात गेलो. कारागीर साठीकडे झुकलेले, नंदुरबारकडचे. तरुणपणी सुरतेस आले आणि इकडेच रमले. उधना, लिंबायत या बाजूस खानदेशी मंडळींची वस्ती मोठी आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच. कापडाच्या मागांवर त्यांचे हात शतकाच्या उत्तरार्धापासून राबत आहेत. आम्ही मराठी बोलतो हे ऐकून भाऊंनी बाकडे पुसले आणि म्हणाले, "बठा गुरुजी." आम्ही मास्तर आहोत हे आम्ही सांगितले नव्हते, ते कसे ओळखतात कोण जाणे, पण खानदेशी माणसाला गुरुजी दुरून कळतो.

आम्ही प्रयोगांची हकिकत सांगितली. भाऊ शांतपणे ऐकत होते. मग ते चाकापुढे उकिडवे बसले आणि रिमला चिकटविलेले ते शिशाचे चार तुकडे त्यांनी बोटाने मोजले. प्रत्येक तुकडा दहा ग्रॅमचा. चारही शेजारी शेजारी. त्यांच्या कपाळाला आठी पडली. एवढ्याशा चाकाला पाच, दहा, फार तर वीस ग्रॅम लागावेत. चाळीस ग्रॅम एकाच जागी लावावे लागले, तर समोरच्या बाजूला एवढे जड आहे तरी काय?

भाचा घाईत होता. "भाऊ, अजून थोडे वजन लावून पाहा ना," तो म्हणाला.

"दादा, पहिले चाकले इचारू, मंग वजन लावू," भाऊ म्हणाले.

आणि त्यांनी चाकाला विचारावयास सुरुवात केली. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, भाच्याला मागच्या बाजूस बसवून पुढचे चाक अधांतरी केले. चाक वर-खाली धरून हलवून पाहिले. बेअरिंगमध्ये खेळ नव्हता. फोर्कची खालची टोके पुढे-मागे ओढली. मान घट्ट होती. मग चाक फिरवून रिमच्या कडेजवळ खिळ्याचे टोक स्थिर धरले. रिम आणि टोक यांमधील फट सर्वत्र सारखी. सायकलवाले ज्याला 'आऊट' म्हणतात तो वाकडेपणा रिममध्ये नव्हता. आता टायरची पाळी. भाऊ खडू शोधू लागले. तो आमच्या सदऱ्याच्या खिशात होता; तीस वर्षे तेथे खडू नाही असा दिवस आठवत नाही. आम्ही पुढे केला, तेव्हा भाऊ प्रथमच हसले. त्यांनी फोर्कला हात टेकून खडू टायरच्या नक्षीपासून कागदभर अंतरावर धरला आणि चाक हळू फिरविले. फिरत फिरत एका ठिकाणी 'खस्' असा आवाज झाला. पुन्हा फेरा, पुन्हा तेथेच 'खस्'. थांबवून पाहिले तो वीतभर जागेत पांढरा पट्टा उमटला होता, बाकी टायर काळाच. तेथे टायर दोन-तीन मिलिमीटर फुगलेला होता. उभ्या गाडीत डोळ्याला काहीही दिसत नव्हते.

"हाई टायर उतारनं पडी," भाऊ म्हणाले.

टायर उतरला, तेव्हा सारे रहस्य उलगडले. केव्हातरी कमी हवेवर गाडी खड्ड्यात आदळली असावी. टायरच्या रबरात दोऱ्याचे थर असतात. खरे बळ त्यांचे, रबर हे केवळ त्यांवरचे आवरण. ते थर एका जागी तुटले होते. ती जखम झाकण्यासाठी कोणीतरी आतून रबरी ठिगळ, दुकानाच्या भाषेत 'गेटर', बसविले होते. गेटरमुळे ती बाजू जड झाली, म्हणून थरथर सुरू झाली. ती थांबविण्यासाठी समोरच्या बाजूला चाळीस ग्रॅम शिसे लावले गेले, म्हणून ती थोडी शमली. परंतु तुटलेले दोरे ताणत राहिले, फुगवटा वाढला, आणि थरथर परत आली. आता ती वजनाची नव्हती. वाटोळेपणा गमावलेल्या टायरची होती. आणखी शिसे लावले असते तर कदाचित आणखी आठवडाभर आराम पडला असता, आणि पुढे केव्हातरी, टँकरच्या शेजारून जाताना, तो टायर त्या जागी फुटला असता. पुढचा टायर फुटणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. भाच्याने आतील तुटक्या दोऱ्यांवरून बोट फिरविले व तो बराच वेळ काही बोलला नाही.

भाऊंनी तो टायर बाजूला टाकला, तोही चाकूने कापून, म्हणजे दुसऱ्या कोणी उचलून वापरू नये. म्हणाले, "आजारी मानूसले नवा कपडा घालीसन काय फायदा?"

नवा टायर आला. त्याच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. नवा म्हणून घेतलेला टायर किती वर्षे दुकानात पडून होता, हे त्यावरून कळते. पुष्कळ टायरांवर रंगाचा एक ठिपका असतो, तो टायरच्या सर्वांत हलक्या जागेचा. हवा भरण्याचा व्हॉल्व्ह रिमला त्या जागी थोडा जड करतो, म्हणून ठिपका व्हॉल्व्हसमोर ठेवून टायर चढवितात. हवा भरल्यावर टायरच्या कडेवरील बारीक रेघ रिमपासून चोहोकडे सारख्या अंतरावर आहे, एवढेही पाहावे. नसेल तर टायर नीट बसलेला नाही आणि त्यानेही थरथर होते.

यानंतर चाकाचा तोल. शहरात यासाठी विजेवर चालणारी यंत्रे आहेत. भाऊंपाशी लोखंडी पट्ट्यांचा एक घोडा होता, त्यावर दोन बाजूंस बेअरिंगे बसविलेली. ब्रेकची झाकणी काढून चाक एका गुळगुळीत दांड्यावर चढविले आणि घोड्यावर ठेवले. कोणी हात न लावता चाक आपोआप फिरले, पुढे-मागे झुलले आणि थांबले. जड जागा खाली आली. भाऊंनी वरच्या टोकाला खडूची खूण केली आणि तेथे पाच ग्रॅमचा तुकडा तात्पुरता चिकटविला. चाक पाव फेरा वळवून सोडले. खूण हळूच वर चढू लागली, म्हणजे वजन अजून अपुरे. आणखी पाच ग्रॅम. आता चाक जेथे सोडावे तेथे राहू लागले. चारही दिशांना वळवून पाहिले, ते निश्चल. दहा ग्रॅममध्ये काम झाले. मोटारसायकलचे चाक अरुंद असल्यामुळे एवढा साधा तोल बहुधा पुरतो. मोटारीच्या रुंद चाकाला आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही कडांचा तोल पाहावा लागतो.

भाच्याला एक शंका होती, आणि ती वाचकांसही येईल: शे-दीडशे किलोच्या गाडीला दहा-वीस ग्रॅमचे काय अप्रूप? याचे उत्तर आपल्या शेतातील गोफणीत आहे. गोफणीतला धोंडा हातावर ठेवला तर हलका लागतो. तोच गरगर फिरविला म्हणजे हाताला ओढतो. चाकाची जड जागा हा तसाच धोंडा. अठरा इंची रिमच्या कडेवर वीस ग्रॅम जादा असतील, तर ४० किलोमीटर वेगाला ती जागा साधारण साडेसहाशे ग्रॅम वजनाच्या जोराने आसाला बाहेर ओढते. वेग ६० झाला की हा जोर जवळजवळ दीड किलो होतो, ८० ला अडीच किलो. वेग दुप्पट झाला म्हणजे जोर चौपट होतो, हा गणिताचा नियम. आणि ही ओढ एका दिशेने नसते. ८० च्या वेगाला सेकंदाला सुमारे बारा वेळा ती वर, पुढे, खाली, मागे अशी फिरत असते. मनगटाएवढ्या हातोडीने कोणी सेकंदाला बारा ठोके द्यावेत, तसे. बेअरिंगे झिजतात, टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा घासतो, आणि चालविणाऱ्याचे हात थकतात, ते निराळेच.

आपल्या आजोबांच्या बैलगाडीला हा प्रश्न का पडला नाही, तेही यातच आले. तिचा तुंबा, आरे आणि वरची लोखंडी धाव यांत ग्रॅमांचा नव्हे, शेरांचा फरक असे. पण बैल तासाला चार किलोमीटर चालत. ८० च्या मानाने वेग विसावा हिस्सा, म्हणून जोर चारशेवा हिस्सा. इच्छापोरच्या पलीकडे, हजिऱ्याजवळ, सुवाली आहे. १६१२ साली तेथील समुद्रात इंग्रज व पोर्तुगीज यांची लढाई झाली; पुढे इंग्रजांची जहाजे तेथे नांगरू लागली व माल गाड्यांनी आणि होड्यांनी सुरतेस जाऊ लागला. त्या गाड्यांची चाके खडखडली असतील, कुरकुरली असतील. त्यांवर वंगण हाच उपाय होता. थरथर हे वेगाचे अपत्य आहे. ज्या वाटेवर बैल चालत होते तेथे आज ट्रेलर धावतात, तर वंगणाच्या काळातील ज्ञानावर भागणार नाही.

सुरतेला हे ज्ञान परके नाही. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या कारागिराची 'घंटी' मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे करते. तिच्या तबकडीचा तोल बिघडला तर हिऱ्यावर ओरखडे उमटतात, म्हणून तोलाविषयी तेथे सारे दक्ष असतात. लाखाच्या खड्यासाठी जी काळजी घेतली जाते, ती लाखमोलाच्या जीवासाठी घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे.

नवे चाक चढवून भाचा कवासच्या दिशेने एक फेरी मारून आला. ५५, ६०, ६५, हँडल शांत. भाऊंनी टायरचे आणि मजुरीचे पैसे घेतले, वजनाचे घेतले नाहीत. "गुरुजींना खडू लागना ना," म्हणाले.

शेवटी घरोघरच्या वाचकांसाठी चार गोष्टी. महिन्यातून दोनदा, गाडी थंड असताना, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरावी. मागे माणूस बसणार असेल तर त्यासाठी दिलेला आकडा पाहावा. रविवारी चाके पुसताना टायरच्या सर्व अंगावरून हात फिरवावा व चाक अधांतरी फिरवून खडू धरून पाहावा; घरातील दहा वर्षांचे मूलही हे करू शकते, आणि त्याला ते आवडेल. स्कूटर असेल तर अधिक जपावे. तिचे चाक लहान, म्हणून त्याच वेगाला त्याचे फेरे अधिक. चालताना गाडी एकाएकी जोराने हलू लागली तर गडबडून ब्रेक दाबू नये. हँडल घट्ट पण शांतपणे धरावे, मूठ हळूहळू सोडावी, वेग उतरू द्यावा आणि बाजूला थांबावे.

आणि दुकानात गेल्यावर 'गाडी हलते' एवढेच सांगू नये. किती वेगाला हलते, कोठे जाणवते, क्लच दाबल्यावर राहते की जाते, ब्रेक लावल्यावर वाढते काय, हे चार शब्दांत सांगावे. वजन लावण्यापूर्वी टायर तपासण्याचा आग्रह धरावा. चांगला कारागीर त्याने रागावत नाही, उलट बाकडे पुसून बसावयास सांगतो. भाचेसूनबाईंचे पत्र परवाच आले. नात शाळेतून वेळेवर येते, आणि घड्याळाकडे पाहण्याचे आता त्यांना कारण उरले नाही, असे त्या लिहितात.